जाळं कुठं टाकायचं?

शुक्रवारची दुपार होती. एसी फुल, डोकं हाफ. समोर मेलबॉक्स, त्यात एक सीव्ही, आणि वर विषय लिहिलेला: 'अप्लाइंग फॉर एनी सुटेबल पोस्ट'.

हे 'एनी सुटेबल' वाचलं की माझ्या पोटात गोळाच येतो. म्हणजे बघा, पाच-सहा वर्षं शिकलेला माणूस स्वतःच सांगतोय की मला कुठेही टाका. आणि टाकणारी कोण? तर मी!

गेल्या वेळी नोटीस पिरियडवर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, की बाई, तुम्ही नक्की करता काय? तर सांगून टाकते. मी वकिलांना नोकऱ्या लावते. व्हिजिटिंग कार्डावर 'लीगल रिक्रूटर' असं भारदस्त छापलंय. आजोळी मात्र माझी ओळख सोपी आहे. मामी सगळ्यांना सांगते, "ही पुण्यात वकिलांच्या सोयरिकी जमवती." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जाम राग आला होता. आता वाटतं, एवढ्या वर्षांत कुणी याहून नेमकं सांगितलेलं नाही.

तर तो सीव्ही. दोन पानांचा. बी.ए., त्यावर तीन वर्षांचं एलएलबी, सोलापूरहून. मार्क छप्पन टक्के. बार कौन्सिलची परीक्षा पास, सनद हातात. करमाळ्याच्या कोर्टात एका वकिलांकडे एक वर्ष ज्युनिअर. छंद: वाचन. (सगळ्यांचाच असतो.) मी पुढच्या मेलवर जाणारच होते, तेवढ्यात शेवटची ओळ दिसली. पत्ता, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. गाव माझ्या आजोळच्या शेजारचं. उजनीच्या पाण्याकाठचं.

त्या दिवशी माझ्याकडे तीन जागा होत्या. पहिली, पुण्यातल्या एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमधली. पॅकेज सात लाख. दुसरी, मुंबईतल्या एका मोठ्या लॉ फर्मच्या रिअल इस्टेट टीममधली, पैसे त्याहून जास्त. आणि तिसरी, म्हटलं तर जागा, म्हटलं तर नाही. कोल्हापुरात नव्याने बस्तान बसवणाऱ्या एका सिनिअर वकिलांनी सहज फोनवर म्हटलं होतं, "जमिनीच्या केसेस समजणारं कुणी असलं तर सांगा." आठ हजार महिना. आमची फी शून्य.

बॉसने मागून वाकून बघितलं आणि नेहमीचा मंत्र म्हटला, "तिन्हीकडे टाकून दे. लागला तर लागला."

इथेच खरा लोचा आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, रिक्रूटरचं काम म्हणजे सीव्हीतले शब्द जागेच्या वर्णनातल्या शब्दांशी जुळवायचे आणि 'सेंड' दाबायचं. तेवढंच असतं तर ते कॉम्प्युटर माझ्याहून स्वस्तात आणि चहा न पिता करतो. आमच्या कामातली अवघड गोष्ट आहे, कुठे पाठवायचं नाही हे ठरवणं. आणि ते ठरवताना आमचे हात अगदी स्वच्छ असतात असं समजू नका. कारण आमचे पैसे कॅन्डिडेट देत नाही, कंपनी देते. माणूस रुजू झाला की वर्षाच्या पॅकेजचे काही टक्के, साधारण एका महिन्याचा पगार धरा, कधी जास्त. रुजू झालाच नाही तर भोपळा. आणि दोन-तीन महिन्यांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट शोधून द्यायचा. आता सांगा, सात लाखांची जागा आणि आठ हजारांची जागा समोर असेल तर माझा माउस आपोआप कुठे जाईल?

'सगळीकडे टाक'चा धडा मला सहा वर्षांपूर्वी मिळाला. एक मुलगा होता. हुशार, कोर्टात उभा राहणारा, सिनिअरला कंटाळलेला. मी एका दुपारी त्याचा सीव्ही अकरा ठिकाणी पाठवला. अकरा! मला वाटलं, वा, काय स्पीड आहे आपला. अकरापैकी एक फर्म नेमकी त्याच्या चालू केसमध्ये समोरच्या बाजूची निघाली. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या सिनिअरचे कॉलेजातले मित्र बसले होते. तिसऱ्या ठिकाणी दुसऱ्या एका एजन्सीने त्याचा सीव्ही आधीच दिला होता, त्यामुळे फी कुणाची यावर वाद नको म्हणून त्यांनी दोन्ही सीव्ही बाजूला ठेवले. संध्याकाळी सात वाजता सिनिअरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. "कुठे कुठे अर्ज केलेत म्हणे?" महिनाभरात तो घरी बसला.

त्याला मी काय सांगितलं होतं माहितेय? 'डोन्ट वरी, सगळं कॉन्फिडेन्शियल असतं.'

वकिलांचं जग लहान आहे हो. सगळे एकाच बार रूममध्ये चहा पितात. मामीच्या भाषेत, मुलगी दहा घरी दाखवली की अकराव्या घरचे विचारतात, आधीच्या दहांनी नाही का म्हटलं? उपमा मला आवडत नाही, पण बाजार तसाच चालतो. प्रत्येक वेळी सीव्ही पाठवला की माणसाच्या नावातलं थोडंसं काहीतरी खर्च होतं. ते परत भरून मिळत नाही.

तेव्हापासून मी पाच प्रश्नांशिवाय 'सेंड' दाबत नाही. ही जागा रिकामी का झाली? सीव्ही पहिल्यांदा कोण उघडणार, एचआर की स्वतः पार्टनर? या टीमकडे काम कुठून येतं, आणि ते उद्याही येणार आहे का? हा माणूस आधी कुणामार्फत तिथे गेलाय का, किंवा त्याच्या हातातल्या केसेसची तिथे टक्कर होते का? आणि शेवटचा, जो बॉसला सर्वांत फालतू वाटतो: तीन वर्षांनी ही जागा त्याला कुठे नेऊन ठेवेल?

पहिल्या चारांची उत्तरं फोन करून मिळतात. पाचव्याचं उत्तर एकाच माणसाकडे असतं. ज्याचा सीव्ही आहे त्याच्याकडे.

मी तिला फोन केला. "ताई, तुम्ही जिथं सांगाल तिथं," ती म्हणाली. फोनवर सगळे असंच म्हणतात. योगायोग असा की रविवारी मामांकडे जायचंच होतं. म्हटलं, भेटूनच येऊ.

उजनी तुमच्यापैकी बहुतेकांना फ्लेमिंगोंमुळे माहीत असेल. भिगवणच्या बाजूला जायचं, पहाटे होडीत बसायचं, फोटो काढायचे आणि परतीच्या वाटेवर मासे हाणायचे. सही आहे, मीपण करते. पण ते झालं इंदापूरच्या बाजूचं, म्हणजे पुणे जिल्ह्यातलं. समोर, पाण्यापलीकडे जो काठ दिसतो तो करमाळा तालुका, सोलापूर जिल्हा. माझं आजोळ त्या बाजूला. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमेच्या काठची जुनी गावं पाण्याखाली गेली. गावं वर सरकली, काहींना नंबर पडले. केत्तूर एक, केत्तूर दोन. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण त्याचे फोटो फॉरवर्ड करतो. आमच्याकडची म्हातारी माणसं मात्र ते फोटो बघताना देऊळ बघत नाहीत, देवळाच्या बाजूला कुणाचं घर होतं ते शोधतात.

मामांची थोडी केळी, थोडा ऊस, आणि हौस म्हणून मासेमारी. हौस म्हणजे आठवड्यातले चार दिवस. मी गेले तेव्हा ते काठावर बसून जाळं सांधत होते. मोठं भगदाड पडलं होतं.

"काय झालं मामा?"

"नवीन पोरगं होतं संगं. म्हणलं टाक, तर दिसंल तिथं टाकलं त्यानं. खाली जुन्या वस्तीचा दगुड. फाटलं."

"वरून कळत नाही ना."

"वरनं काय कळतंय? पाणी वरनं सगळीकडं सारखंच दिसतं. खाली काय हाय ते ठावं पायजे. हितं इहीर हाय, तितं बाभळीची खोडं हायती, पल्याड नदीचं जुनं पात्र. मासा पात्रात गावतो. पण आमच्या वयाच्या लोकानलाच म्हाईत, पात्र कुठनं जायचं ते."

मी काही बोलले नाही. पण मनात अकरा सीव्ही येऊन गेले.

मग मामांनी विचारलं, कशी काय अचानक. मी सांगितलं, शेजारच्या गावातली एक वकील पोरगी आहे, तिला कुठे लावायचं ते बघायला आले. मामा लगेच सरसावून बसले, कारण त्यांचा स्वतःचा एक खटला आहे. धरणात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्याचा. मामांच्या वडिलांनी सुरू केला, आता मामा चालवतात.

"आमची केस आता कोल्हापूरला गेली," ते म्हणाले. "आन् पल्याडच्या पाव्हण्यांची मुंबईलाच ऱ्हायली. धरण एक, पाणी एक, आन् हायकोर्टं दोन!"

हे मला व्यवसायामुळे माहीत होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालं. चार दशकांहून जास्त काळ त्याची मागणी होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे गेले. पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला. म्हणजे करमाळ्याच्या काठावरून बघितलं तर समोर दिसणाऱ्या शेताचा मालक अपिलासाठी मुंबईला जातो आणि इकडचा कोल्हापूरला. इकडच्या बऱ्याच गावांतून मुंबईला जायचं म्हणजे जेऊरला जाऊन गाडी पकडायची. कोल्हापूरचा असा सरळ रस्ता नाही. खुद्द समोरच्या काठावर जायचं तरी रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक बोटीने जातात. मे 2024 मध्ये कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून मामी कुणालाही वारा सुटल्यावर बोटीत बसू देत नाही.

पण माझ्या धंद्याच्या दृष्टीने बघा. एका अधिसूचनेने वकिलांचा नकाशा बदलला. सोलापूरकडच्या केसेस करणारे वकील कोल्हापुरात ऑफिसं बघायला लागले. त्यांना ज्युनिअर हवेत. सातबारा, फेरफार, भूसंपादनाचा निवाडा असले कागद बघून न घाबरणारे. जुनं पात्र आता तिकडून वाहतंय! मी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं. मुलगी कोल्हापूरला जाणार. फी बुडाली तर बुडाली. आपण म्हणजे किती थोर, असंही थोडंसं वाटून घेतलं. खोटं कशाला बोलू?

दुपारी तिच्या घरी गेले. पत्र्याची पडवी, समोर पाणी. तिने सीव्हीची एक प्रिंट काढून ठेवली होती, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. आणि बाजूला एक कापडी पिशवी.

"यात काय आहे गं?"

"कागद आहेत. आजोबांच्या केसचे. आणि गावातल्या आणखी लोकांचे. मी दहावीत असल्यापासून वाचते. कुणी विचारायला आलं तर सांगते."

पिशवीत निवाड्याची नक्कल होती, फेरफार होते, 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खालचा अर्ज होता. तिने मला एका फेरफारावर बोट ठेवून दाखवलं, की इथे वारसाची नोंद एका भावाची राहून गेली म्हणून पुढे पैसे कसे अडकले. दोन मिनिटांत, कागदाकडे फारसं न बघता. रिअल इस्टेटची कामं करणाऱ्या फर्ममध्ये हेच शिकायला नव्या मुलांना वर्ष जातं.

"हे सीव्हीत का नाही लिहिलं?"

"हे काय एक्स्पिरियन्स आहे का ताई? हे तर घरचंच."

उजनीबद्दल एक गंमत सांगते. धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं सुमारे 63 टीएमसी मृतसाठा धरतात. म्हणून उन्हाळ्यात पेपरात 'उजनी मायनसमध्ये' असं छापून येतं, तेव्हाही खाली प्रचंड पाणी असतं. फक्त ते टक्केवारीत मोजत नाहीत. छप्पन टक्क्यांच्या त्या सीव्हीखाली एक अख्खी कापडी पिशवी होती, आणि मी शुक्रवारी दुपारी ती ओलांडून पुढच्या मेलवर चालले होते.

मग मी पाचवा प्रश्न विचारला. तीन वर्षांनी कुठे असायला आवडेल?

तिने वडिलांकडे बघितलं. वडील चहाच्या कपाकडे बघत होते. मग हळूच म्हणाली, "मला जज व्हायचंय."

झालं. कंपनीची सात लाखांची जागा तिथेच बाद. का, ते सांगते, कारण हे लॉ करणाऱ्या कित्येक मुलांनाही नीट माहीत नसतं. बार कौन्सिलचा 49 वा नियम म्हणतो, की प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरलीत तर बार कौन्सिलला कळवायचं आणि प्रॅक्टिस थांबवायची. आणि 20 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या परीक्षेला बसायचं तर किमान तीन वर्षांची प्रॅक्टिस हवी. नुसती डिग्री चालणार नाही. आता बेरीज करा. कंपनीत सनद थांबली, प्रॅक्टिस थांबली, तीन वर्षांचं घड्याळही थांबलं. करमाळ्यातलं एक वर्ष तिच्या खात्यात होतं. पुढची दोन मी सात लाखांना विकून टाकणार होते, आणि तिला ते कळलंही नसतं. तिने आनंदाने पेढे वाटले असते.

लॉ फर्मचं गणित वेगळं असतं. तिथे बहुतेकदा पगार नसतो, रिटेनर असतो, म्हणजे प्रोफेशनल फी. पीएफ नाही, पण सनद चालू राहते.

मी ऐटीत म्हटलं, "मग कोल्हापूर! तुझ्यासाठीच आहे बघ ते." आणि सगळं सांगितलं. नवं बेंच, जमिनीच्या केसेस, चांगले सिनिअर. ती ऐकत होती. वडीलही ऐकत होते. मी आठ हजारांचा आकडा सांगितला तेव्हा पडवीत एकदम शांतता झाली.

"ताई," ती म्हणाली, "एज्युकेशन लोनचा हप्ता सहा हजार आहे. धाकटा भाऊ बारावीला आहे. राहायचं-खायचं धरून मला वीस हजार तरी लागतील. त्याच्या खाली मी सहा महिने टिकेन, मग परत घरी येईन. घरी आले की…" तिने वाक्य पूर्ण केलं नाही. वडिलांनी केलं. "मग आम्ही स्थळं बघणार. खोटं कशाला बोलायचं?"

चहा संपवताना मला स्वतःचीच लाज वाटली. बॉसला सात लाख दिसत होते म्हणून तो तिला कंपनीत ढकलणार होता. मला माझा थोरपणा दिसत होता म्हणून मी तिला कोल्हापूरला ढकलणार होते. दोघांनीही तिला विचारलं नव्हतं. पैशासाठी चुकीच्या जागी पाठवणं आणि तत्त्वासाठी चुकीच्या जागी पाठवणं, यात जाळं ज्याचं फाटतं त्याच्या दृष्टीने काय फरक?

राहिली मुंबईची फर्म. तिथला सीव्ही पहिल्यांदा एचआर उघडतं, हे मला माहीत होतं, आणि त्यांची चाळणी कॉलेजच्या नावाची. पिशवीपर्यंत कुणी पोचणारच नाही. आणि चुकून लागली तरी दिवसभर टायटलचे रिपोर्ट, कोर्टाचं तोंड क्वचित. म्हणजे सनद चालू, पण जज व्हायला निघालेल्या मुलीला कोर्टात उभं राहण्याची सवय होणार नाही. तिन्ही जागा बाद. तीनपैकी एकही तिची नव्हती, आणि शुक्रवारी मी तिन्हीकडे पाठवणार होते.

सोमवारी मी फोन घेऊन बसले. रिक्रूटिंगमधला हा भाग कुणी शिकवत नाही. जागा यादीत नसेल तर ती शोधायची. नवव्या फोनला पुण्यातली एक छोटी फर्म सापडली. चार पार्टनर, शिवाजीनगर कोर्टाजवळ ऑफिस. निम्मं काम दिवाणी दाव्यांचं, निम्मं जमिनीच्या कागदांचं. इंदापूर-दौंडकडची भूसंपादनाची प्रकरणं त्यांच्याकडे येतात. त्यांनी जाहिरात दिलेलीच नव्हती, कारण "चांगलं माणूस कुठे मिळतं हो?" सीव्ही स्वतः पार्टनर बघणार. रिटेनर बावीस हजार.

तिला फोन केला, सगळं सांगितलं, पैसे, काम, तोटेसुद्धा. "पाठवू का?" असं स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, उद्या सांगते. मला बरं वाटलं. 'जिथं सांगाल तिथं'वरून 'उद्या सांगते'वर येणं, ही प्रगती आहे. दुसऱ्या दिवशी 'हो' आलं. मी सीव्हीतला 'एनी सुटेबल' खोडला, त्या कापडी पिशवीबद्दल चार ओळी तिच्याकडूनच लिहून घेतल्या, आणि एका ठिकाणी पाठवला. एकाच.

इंटरव्ह्यूला पार्टनरबाईंनी तिच्यापुढे एक फेरफार टाकला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पण इंग्रजी ड्राफ्टिंग कच्चं आहे हेही त्यांनी तोंडावर सांगितलं, आणि पहिले तीन महिने अठराच हजार देऊ म्हणाल्या. तिने मान्य केलं का? नाही! मुलीने तिथल्या तिथे सांगितलं, वीसच्या खाली मला परवडत नाही. वीसवर ठरलं. मी ऐकून खुर्चीतच उडाले. सीव्हीवर 'कुठेही टाका' लिहिणारी ती हीच का?

माझ्या फीचं विचारू नका. त्या महिन्यात टार्गेटमध्ये खड्डा पडला आणि बॉसने मीटिंगमध्ये माझ्याकडे बराच वेळ बघितलं. कंपनीच्या जागेसाठी मी दुसरं माणूस दिलं, ज्याला कोर्टाचा खरंच कंटाळा आला होता आणि पीएफ हवा होता. त्याच्यासाठी तीच जागा सोन्यासारखी होती. जागा वाईट नसते हो. ती कुणाची आहे ते बघावं लागतं.

आता हे सगळं वकिलांपुरतंच आहे असं समजून पान उलटू नका. तुम्ही आयटीत असा, बँकेत असा, जाहिरातीत असा, उद्या तुम्हालाही कुणीतरी गोड आवाजात फोन करणार आहे: 'हाय, तुमच्यासाठी एक एक्सायटिंग ऑपॉर्च्युनिटी आहे!' तेव्हा लाजू नका. विचारा, कंपनीचं नाव काय? जागा रिकामी का झाली? सीव्ही कोण बघणार? मला विचारल्याशिवाय कुठेही पाठवणार नाही, हे मेलवर लिहून देता का? आणि मी तिथे लागल्यावर तीन वर्षांनी कुठे असेन असं तुम्हाला वाटतं? शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर घाबरू नका, तो निदान विचार करतोय. लगेच 'स्काय इज द लिमिट' म्हणाला तर फोन ठेवा.

आणि हो, सीव्हीवरचं 'एनी सुटेबल पोस्ट' आजच्या आज खोडून टाका. सुटेबल काय ते आधी तुम्ही ठरवा, मग आम्हाला सांगा.

परवा मामांचा फोन आला होता. जाळं सांधून झालंय, या म्हणाले, चिलापी खायला. त्या मुलीचं विचारलं. मी म्हटलं, पुण्यात लागली, जमिनीच्या केसेस करते, पण तुमची केस तिच्याकडे नाही जायची, ती पलीकडच्या काठाची कामं बघते.

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असू दे. जज झाल्यावर पोरगी कुठल्या का काठावर बसंना. कागुद वाचणारी पायजे."

भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत 'सेंड' जरा जपून!